परसातल्या गांधीलमाश्या : वैरी कोण, सोबती कोण?



पावसाळा लागला की ऊस विकास विभागाकडे एक तक्रार हमखास येते. "साहेब, उकिरड्यावर मोठाल्या काळ्या गांधीलमाश्या घिरट्या घालत्यात. पोरं तिथंच खेळत्यात. काय फवारू?" कुणी मारलेली माशी पुडीत बांधून आणतो, तर कुणी आधीच टेंभा फिरवून मोकळा झालेला असतो. पुडी उघडून पाहिली की पुष्कळदा आम्हाला हळहळ वाटते. मेलेला किडा हुमणीचा वैरी, म्हणजे आपला सोबती निघतो! म्हणून मारण्याआधी ओळखावे कसे, ते थोडक्यात सांगत आहोत.

पहिली पारख पंखांची. गांधीलमाशीला चार पंख असतात आणि कंबर बहुधा दोऱ्यासारखी बारीक असते. पिवळे-काळे पट्टे आहेत, पण पंख दोनच, डोळे मोठे आणि कंबर नाही, अशी माशी फुलापुढे हवेत एका जागी तरंगताना दिसली, तर ती सिर्फिड माशी समजावी. तिला नांगीच नसते. तिने नुसते सोंग घेतलेले असते. सिर्फिडच्या पुष्कळ जातींच्या अळ्या मावा खातात.

दुसरी पारख घराची. माशी हाताशी येत नाही, पण घर जागचे हलत नाही.

वळचणीला किंवा झुडपात कागदासारखे, खालून उघडे, षट्कोनी घरांचे पोळे लोंबत असेल, तर ती खरी गांधीलमाशी. वाळल्या लाकडाचे तंतू चावून, लाळेत कालवून ती हा कागद करते. ही पोळे राखते, म्हणून डिवचली की चावते. तिची मोठी बहीण काळी असून पोटावर रुंद पिवळा-नारिंगी पट्टा मिरवते. ती झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत किंवा बिळात पोळे करते. हिच्यापासून मात्र लांबच राहावे. मधमाशीची नांगी आपल्या कातडीत तुटून राहते, पण गांधीलमाशी नांगी काढून घेऊन पुन्हा पुन्हा मारू शकते.

भिंतीवर, दाराच्या चौकटीला मातीची घरटी दिसली, तर ती कुंभारीण. कीर्तनात आपण भृंगी-कीटकाचा दृष्टांत ऐकतो. मातीच्या घरात कोंडलेली अळी भृंगीचे ध्यान करता करता भृंगीच होते. दृष्टांत म्हणून तो गोडच आहे. प्रत्यक्षात मात्र कुंभारीण अळ्या किंवा कोळी नांगीने लुळे करून घरात भरते, अंडे घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. अंड्यातून निघालेले पोर ती शिदोरी खाऊन वाढते आणि भिंत फोडून बाहेर पडते. कुंभारीण घर राखत बसत नाही. मुठीत धरल्याशिवाय सहसा चावत नाही.

आता उकिरड्यावरची ती काळी माशी. अंगावर दाट केस, पंखांवर निळसर झाक, पोटावर बहुधा पिवळे वा तांबूस पट्टे, आणि जमिनीलगत सावकाश घिरट्या, ही स्कोलिया वर्गातील माशीची खूण. हिला पोळे नसते. मग ती उकिरड्यावर करते काय? शेणखतात भुंगेऱ्यांच्या पांढऱ्या अळ्या असतात, त्यांच्या वासावर ती येते. मादी माती उकरून खाली जाते, अळीला नांगी मारून लुळी करते आणि तिच्यावर एक अंडे घालते. तिचे पोर ती अळी खाऊन टाकते. उसाच्या मुळ्या कुरतडणारी हुमणी याच भुंगेऱ्यांच्या गोतातली. एवढ्याने हुमणी संपते असे मात्र कुणी समजू नये. वळीव पडल्यावर कडुनिंब-बाभळीवरचे भुंगेरे गोळा करण्याचे काम आपल्याला चुकत नाही. पण फुकटचा गडी आपल्याच हाताने का मारावा?

याच गोतातले ट्रायकोग्रामा तर मिलीमीटरभरही नसतात. खोडकिडीच्या अंड्यात ते आपले अंडे घालतात. त्यासाठीच आपण शेतात ट्रायकोकार्ड लावतो. 2002 साली महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा पसरला, तेव्हाही पुढे एन्कार्सिया नावाचा असाच बारीक कीटक उपयोगी पडला. परसात, बांधावर सरसकट विषारी फवारा मारला की हे सारेच मरतात.

तेव्हा काय करावे? पोळे वहिवाटीपासून दूर असेल तर राहू द्यावे. दारावर किंवा गोठ्यात असेल तर मुलांना लांब ठेवून जाणत्या माणसाकडून अंधार पडल्यावर काढून घ्यावे. टेंभा मुळीच लावू नये. माश्या उठतातच, शिवाय शेजारची गवताची गंजी पेटायला एक ठिणगी पुरते.

माशी चावलीच तर जागा साबणाने धुवावी आणि गार पाण्याची पट्टी ठेवावी. हाताला चावली असल्यास अंगठी, बांगड्या लगेच काढाव्यात. धाप लागली, ओठ-तोंड सुजले, अंगभर गांध्या उठल्या, चक्कर आली, घशात डंख झाला किंवा एकाच वेळी अनेक माश्या चावल्या, तर लोखंड घासत, चुना लावत बसू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा तडक दवाखाना गाठावा. अशा वेळी उशीर जिवावर बेततो.

ओळख पटत नसेल तर किडा आणि त्याच्या घराची माहिती घेऊन आमच्याकडे यावे. विनंती एवढीच, की आधी विचारावे आणि मग फवारावे.