पाण्याच्या पापुद्र्यावरचा श्वास

डासाची अळी पाण्यात जन्मते, पाण्यातच वाढते; श्वास मात्र बहुतांशी हवेतला घेते. गटारांवर तेल फवारलं जातं ते याच एका गोष्टीच्या भरवशावर.

कीटकांना फुप्फुसं नसतात. अंगाच्या दोन्ही बाजूंच्या श्वसनरंध्रांतून निघालेल्या नळ्यांना फांद्या फुटत जातात आणि हवा रक्ताची मदत न घेता थेट पेशींपाशी पोचते. प्राणवायू पाण्यापेक्षा हवेत सुमारे १०,००० पट वेगाने पसरतो, म्हणून नळ्यांत हवाच असावी लागते. मार्चेल्लो माल्पिगी या इटालियन वैद्याने १६६९मध्ये रेशीमकिड्यावरच्या ग्रंथात या नळ्या दाखवल्या. रंध्रांना तेल लावलं की किडा मरतो, हेही त्यानेच नोंदवलं.

गटारातल्या क्युलेक्स डासाची अळी शेपटाकडची नळी पृष्ठभागाला टेकवून उलटी लोंबकळते. मलेरिया पसरवणाऱ्या अ‍ॅनॉफिलीसच्या अळीला ती नळीच नाही, म्हणून ती पृष्ठभागालगत आडवी पडून राहते. कुंडीखालच्या ताटलीत नीट पाहिलं तर एवढ्यावरून दोघींची ओळख पटते. नळीचं टोक पाण्याला दाद देत नाही. पृष्ठताणावर अळी तोलली जाते. तेल हा ताण कमी करतं आणि नळीत शिरतं. पुढच्या अवस्थेतला कोष काहीच खात नाही, त्यामुळे पोटातून मारणारी जिवाणूजन्य अळीनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. छातीवरच्या दोन कर्ण्यांनी श्वास मात्र त्यालाही घ्यावा लागतो, आणि तेल त्याला तिथे गाठतं.

पण सगळेच डास पृष्ठभागावर सापडत नाहीत. केरळात हत्तीरोग पसरवणाऱ्या मॅन्सोनियाची अळी पाणवनस्पतींच्या मुळांत नळी खुपसून तिथली हवा घेते. तिथे तेल फोल ठरतं. वनस्पतीच काढाव्या लागतात.

नवी मुंबईत मला काळजी वाटते ती सिडकोने बांधलेल्या होल्डिंग पॉण्डची. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे. भरतीला झडपा मिटतात, पावसाचं पाणी या तलावांत साठतं आणि ओहोटीला खाडीत जातं. गाळ साचून त्यांतल्या काहींत खारफुटी उगवली आहे. अशा ठिकाणी तेल ओतणं मला सर्वस्वी चुकीचं वाटतं. तिवराची चिखलातून वर आलेली मुळंही बारीक छिद्रांतून श्वास घेतात आणि तेलाने तीही गुदमरतात. डासांच्या अळ्या खाणारे पाणकिडे आणि पाणभुंगेरे हवा घ्यायला वर येतात, तेव्हा तेच तेल त्यांनाही लागतं. चतुराचं पिल्लू तेवढं बचावू शकतं; ते गुदद्वारातून पाणी आत ओढून आतल्या कल्ल्यांनी श्वास घेतं आणि तेही अळ्याच खातं.

क्युलेक्सच्या अळीला संथ पाणी लागतं. वाहत्या, हलत्या पाण्यावर तिला नळी टेकवून राहता येत नाही. म्हणून घरातली पिंपं आठवड्याला कोरडी करावीत, तेल बंदिस्त गटारापुरतं ठेवावं आणि तलावांच्या अडकलेल्या झडपा आधी दुरुस्त कराव्यात, म्हणजे ओहोटीबरोबर पाणी पुन्हा खाडीकडे निघेल.