औंधचे श्री भवानी संग्रहालय : एका संस्थानिकाची नजर

औंध म्हटले की मुरगूड-कागल भागातील माणसाला आधी यमाई आठवते. परंतु सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील या गावी, याच देवीच्या मूळपीठाच्या डोंगरवाटेवरच, एका संस्थानिकाच्या खासगी संग्रहातून 1938 मध्ये उभे राहिलेले श्री भवानी संग्रहालयही आहे. औंधचे अधिपती भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी (1868–1951) स्वतः चित्रकार होते. त्यांचे ‘चित्ररामायण’ 1916 मध्ये आणि अजिंठ्यावरील ग्रंथ 1932 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे येथील निवडीत सरदारी हौसेपेक्षा जाणकाराची पारख अधिक दिसते.

राजा रविवर्मा यांची तैलचित्रे, राजपूत व पहाडी शैलींतील लघुचित्रे, म्हणजे कागदावर बारीक कुंचल्याने रंगवलेली हातात धरून पाहण्याजोगी चित्रे, आणि युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती येथे एकाच छपराखाली आहेत. प्रतिकृती म्हणजे मूळ चित्रावरून दुसऱ्या कलावंताने बेतलेले चित्र. तिला दुय्यम मानून पुढे सरकण्याची घाई बरी नव्हे, कारण ज्या काळी रंगीत छपाई दुर्मीळ आणि परदेशप्रवास मूठभरांनाच परवडणारा होता, त्या काळी खेड्यातल्या विद्यार्थ्याला पाश्चात्त्य चित्रकलेची ओळख होण्याचा तोच एक मार्ग होता. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे ‘माता आणि मूल’ हे शिल्प मात्र अस्सल आहे. अवयवांचे बारकावे गाळून केवळ आकारांच्या गोलाईतून आई आणि मुलाचे नाते उभे करण्याची मूरची रीत, रविवर्म्याच्या चित्रांतील दागिन्यांची लकाकी आणि जरीचे काठ डोळ्यांत भरल्यानंतर, प्रथम काहीशी परकी वाटते. पण दोन्ही एकाच माणसाने जवळ केली, हेच या संग्रहाचे खरे वैशिष्ट्य होय. शासनाने पद्धतशीर जमवलेल्या संग्रहात असा धीट शेजार क्वचितच आढळतो.

इमारतीची रचनाही चित्रे डोळ्यांपुढे ठेवूनच केलेली आहे. तैलचित्राच्या तुकतुकीत पृष्ठभागावर थेट ऊन पडले तर नुसती चकाकी दिसते आणि कालांतराने रंगही विटतात. म्हणून दालनांत नैसर्गिक उजेड खेळेल, पण तो चित्रांवर थेट पडणार नाही, अशी योजना आहे.

संस्थान 1948 मध्ये विलीन झाले आणि पुढे संग्रहालय राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये विभागाकडे आले. मुरगूडहून जाणाऱ्यांनी कागलला महामार्ग गाठून कराडच्या बाजूने औंधला जावे, आणि चांगला उजेड असतानाच दालने पाहावीत.