शाकारणी

मातीचे घर दगडी किल्ल्यासारखे कुंपण घालून सोडून देता येत नाही. भिंतीला दरवर्षी लेप हवा, पावसाळ्यापूर्वी शाकारणी हवी. दोन-तीन पावसाळे हात फिरला नाही, की घर मातीला मिळते. म्हणूनच गरिबाची जुनी घरे क्वचितच पाहायला मिळतात.

आपल्या महाराष्ट्रात असे एक घर मात्र नीट राखलेले आहे. वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, गांधीजी १९३६ साली राहायला आले. घराचा खर्च शंभर रुपयांच्या आत बसावा आणि सामान आसपासचेच असावे, ही त्यांची अट होती. आज ‘बापू कुटी’ म्हणून ओळखले जाणारे घर मीराबहन यांनी बांधून घेतले. मातीच्या भिंती, बांबू-लाकडाचा सांगाडा, वर गावठी कौले. याच आश्रमाच्या प्रार्थनेत कुरआनच्या आयतीही म्हटल्या जात. बसायची चटई आणि लिहायचे छोटे मेज पाहिले, की राहणाऱ्याच्या गरजा किती कमी होत्या, हे मुलांना सांगावे लागत नाही.

दूर स्कॉटलंडमध्येही असाच प्रयत्न झाला आहे. लुईस बेटावरच्या आर्नोल गावात गवताने शाकारलेले एक शेतकऱ्याचे घर जपले आहे. दगडी जाड भिंती, मधोमध चूल, धुराडे नाही, आणि एकाच छपराखाली माणसे व गुरे. धुराने काळे पडलेले जुने गवत तिथले लोक खत म्हणून शेतात घालत.

आपल्या इतिहासात मात्र एक हळहळ नोंदलेली आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या पवित्र पत्नींचे हुजरे कच्च्या विटांचे आणि खजुराच्या फांद्यांचे होते. हजरत हसन बसरी (रह.) सांगत, की लहानपणी त्यांचा हात त्या छताला लागत असे. खलिफा वलीद यांच्या काळात मस्जिद-ए-नबवी वाढवताना ते हुजरे पाडले गेले. तेव्हा हजरत सईद बिन मुसय्यब (रह.) म्हणाले होते, की ते तसेच राहायला हवे होते, प्रेषितांनी किती थोडक्यात भागवले, हे येणाऱ्या पिढ्यांनी डोळ्यांनी पाहिले असते.

कुकडीवरच्या धरणाच्या आमच्या येडगावात आता स्लॅबची घरे आहेत. पाचटाचे छप्पर उरले तर गोठ्यावर. जुन्नरच्या पश्चिम डोंगरात कारवीच्या कुडाला शेणमातीने लिंपलेल्या भिंती अजून दिसतात. पक्के घर कुणाला नको? पण कुड कसा विणायचा, गवत कोणत्या महिन्यात कापायचे, पेंढी कशी बांधायची, हे घरातल्या दादी-नानीला आणि दादांना ठाऊक असते. या सुट्टीत मुलांना वही घेऊन त्यांच्याजवळ बसवा. जमले तर गोठ्याचे छप्पर यंदा त्यांच्या देखरेखीखाली मुलांच्याच हातून शाकारून घ्या.