स्कीइंगचा पहिला उतार

स्कीइंगच्या ठिकाणांची जाहिरात शिखराच्या नावाने होते. रोपवे किती उंच नेतो, सर्वांत लांब उतार किती किलोमीटरचा, वरून कोणकोणती शिखरे दिसतात, असा सगळा थाट असतो. नवशिक्याचा या उंचीशी फारसा संबंध येत नाही. पहिले तीन-चार दिवस त्याला तळाच्या शे-दोनशे मीटरच्या उतारावर पडत-उठत काढायचे असतात. म्हणून पहिल्या सुट्टीचे ठिकाण ठरवताना आधी पाहायचा तो हा तळ.

चांगला शिकाऊ उतार रुंद असतो, त्यावरचा बर्फ यंत्राने दाबून सारखा केलेला असतो आणि पायथ्याशी सपाट किंवा किंचित चढती जागा असते. यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण स्कीला ब्रेक नसतो. दोन्ही स्कींची पुढची टोके जवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या आणि आतल्या कडांनी बर्फ खरवडत वेग कमी करायचा, हे ‘स्नोप्लाऊ’ तंत्र अंगवळणी पडायला दिवस-दोन दिवस जातात. तोवर शिकणाऱ्याला थांबवण्याचे काम जमीनच करते. उतार संपताक्षणी झाडे, कुंपण किंवा चहाची टपरी समोर आली की भीतीने पाय ताठ होतात, अंग मागे रेलते आणि उरलासुरला ताबाही जातो. वरच्या अवघड उतारांवरून भरधाव येणाऱ्यांची वाट याच मैदानातून जात असेल, तर ते ठिकाण पहिल्या वेळी नकोच.

दुसरा प्रश्न पुन्हा वर कसे जायचे हा. जड बूट घालून, स्की आडव्या टाकत पायी चढायचे तर तासाभरात दम संपतो आणि शिकायला जीव उरत नाही. सर्वांत सोपा तो सरकता पट्टा. त्यावर नुसते उभे राहायचे. ओढलिफ्टमध्ये वरच्या तारेला लोंबणाऱ्या दांड्याची चकती दोन पायांमध्ये घ्यायची असते. ती बसायची जागा आहे असे समजून टेकायला गेलेला प्रत्येक जण आडवा होतो. खुर्चीलिफ्टवर बसणे सोपे, उतरणे कठीण.

या कसोट्या लावून भारतातली ठिकाणे पाहिली, तर गुलमर्ग पहिले येते, आणि तेही त्याच्या प्रसिद्ध रोपवेमुळे नव्हे. श्रीनगरपासून सुमारे 50 किलोमीटरवर, साधारण 2,650 मीटर उंचीवर असलेले हे कुरण परातीसारखे खोलगट आहे. उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात, तिथेच हिवाळ्यात नवशिके शिकतात. कडेचे उतार छोटे, तळ सपाट आणि जोडीला ओढलिफ्टची सोय. ब्रिटिशांनी 1927 साली इथे स्की क्लब काढला. केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची स्कीइंग शिकवणारी संस्था 1968 पासून इथे आहे. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारतातर्फे उतरलेला एकमेव खेळाडू, आरिफ खान, हाही याच परिसरातला.

त्या रोपवेचा, म्हणजे गोंडोलाचा, पहिला टप्पा 1998 मध्ये सुरू झाला. तो तीन हजार मीटरच्या वर कोंगडोरीला पोहोचवतो. 2005 मध्ये आलेला दुसरा टप्पा अफरवत शिखराच्या खांद्यावर, सुमारे 3,950 मीटरवर नेतो. जगभरातले मुरलेले स्कीपटू गुलमर्गला येतात ते अफरवतच्या न दाबलेल्या, भुसभुशीत बर्फासाठी, आणि धोकाही तिथेच आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये या भागात हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू दगावले, फेब्रुवारी 2024 मध्ये एक रशियन. नवशिक्याने अफरवतला देखावा पाहायला जावे आणि गोंडोलानेच खाली यावे.

गुलमर्गच्या मैदानात पर्यटकांना अर्ध्या-एक तासाचे स्कीइंगही विकले जाते. भाड्याचे बूट चढवायचे, कोणीतरी हात धरून थोडे घसरवायचे, फोटो काढायचा आणि परत टॅक्सीत. त्यात गैर काही नाही, पण त्याला शिकणे म्हणता येत नाही. एकाच प्रशिक्षकासोबत सलग चार-पाच दिवस मिळत असतील, तरच सुट्टीला अर्थ आहे.

उत्तराखंडातले औली शिकण्यासाठी तितकेच चांगले, फक्त पोहोचायला अवघड. ऋषिकेशहून जोशीमठपर्यंतचा अडीचशे किलोमीटरचा घाटरस्ता अख्खा दिवस खातो. तिथून औलीला नेणारा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे 2023 च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचू लागल्यावर बंद करावा लागला. त्यामुळे बर्फात गाडी कुठवर जाते याची चौकशी करूनच निघावे. औलीचे उतार एकसंध आणि मोकळे आहेत, समोर नंदादेवी दिसते, आणि गढवाल मंडल विकास निगमाचे सात व चौदा दिवसांचे निवासी वर्ग ही तिथली खरी जमेची बाजू. मनालीजवळचे सोलंग मात्र गर्दीचे. ज्याला मनाली पाहता पाहता स्की पायात घालून बघायची आहे, त्याला ते पुरे. शिकायचे असेल तर मनालीच्या गिर्यारोहण संस्थेचा वर्ग गाठावा.

हिमालयातल्या बर्फाचे वेळापत्रक पश्चिमेकडून येणाऱ्या झंझावातांच्या हाती असते. दोन झंझावातांत लांब खंड पडला की उतार उघडे पडतात. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे कुरण जवळपास कोरडे होते. 2025 मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. नाताळच्या सुट्टीपेक्षा जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा शेवट हा काळ जास्त भरवशाचा. त्याच दिवसांत श्रीनगरची विमाने रद्द होतात आणि तंगमर्गवरून वर गुलमर्गला जाताना टायरांना साखळ्या लागतात, म्हणून परतीला एक दिवस राखून ठेवलेला बरा.

परदेशात जायचे, तर आल्प्समध्ये उतारांना रंग दिलेले असतात. फ्रान्समध्ये हिरवा सर्वांत सोपा, मग निळा, लाल आणि काळा. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये सुरुवातच निळ्यापासून होते. एका गावचा निळा उतार दुसऱ्या गावच्या लाल उताराइतका कठीण निघू शकतो, त्यामुळे नकाशावर नुसता रंग पाहून भागत नाही. नावालाही भुलू नये. ऑस्ट्रियातल्या सांक्ट आंटोनमध्ये हानेस श्नायडर यांनी गेल्या शतकाच्या आरंभी स्की शिकवण्याची पद्धत घडवली, पण त्या गावचे उतार उभे आहेत आणि नवशिक्याची तिथे दमछाक होते. त्याच देशातले ओबरगुर्गल त्याला अधिक मानवते. 1,930 मीटर उंचीमुळे बर्फाचीही खात्री. 762 मीटरवरचे कित्झब्यूहेल प्रसिद्ध असले, तरी हिवाळा उबदार गेला की खालचे उतार यंत्राने तयार केलेल्या बर्फावर चालतात. जॉर्जियातले गुदाउरी तिबिलिसीपासून सुमारे 120 किलोमीटरवर, जवळपास 2,200 मीटर उंचीवर आहे. आल्प्सच्या मानाने खर्च कमी आणि उतार रुंद, पण डोंगरावर झाडे नाहीत, त्यामुळे धुके आले की बर्फ आणि आकाश एकच होऊन जाते.

साहित्य कुठेही भाड्याने मिळते आणि पहिल्या वेळी विकत घेणे म्हणजे उधळपट्टी. बूट मात्र निवांत निवडावेत. ताठ उभे राहिल्यावर अंगठा पुढे टेकला पाहिजे, गुडघे वाकवले की सुटला पाहिजे आणि टाच उचलली जाता कामा नये. आत एकच पातळ लोकरी मोजा. दोन जाड मोजे घातले की पाय दुखतात आणि गारही पडतात. पडल्यावर स्की पायातून सुटावी म्हणून बाइंडिंग असते, आणि त्याचा ताण वजन, उंची, वय व बुटाच्या तळाची लांबी पाहून ठरवावा लागतो. वजन न विचारता स्की हातात देणारे दुकान सोडून पुढच्या दुकानात जावे. जीन्स घालू नये. ती भिजते आणि मग दिवसभर वाळत नाही.

परदेशी जाणार असल्यास विम्याची कलमे वाचून घ्यावीत. साध्या प्रवास विम्यात स्कीइंग बरेचदा धरलेले नसते, आणि आल्प्समध्ये मोडलेला गुडघा घेऊन हेलिकॉप्टरने खाली येणे महागात पडते. जादा हप्ता भरून स्कीइंग जोडून घेतले, तरी आखलेल्या उतारांबाहेरचे अपघात अनेकदा वगळलेले असतात. पहिल्या सुट्टीत त्या कलमाशी गाठ पडायचे कारण नाही.