हँडहेल्ड पीसी: आता घ्यावा की थांबावं?

हातात धरून गेम खेळता येतील असा संगणक घ्यायचा म्हटलं की मित्रमंडळींचा सल्ला ठरलेला असतो: ‘थांब रे, पुढच्या वर्षी नवीन येतोय.’ पुढच्या वर्षीही तेच ऐकायला मिळतं. या सल्ल्यामागच्या बऱ्याच समजुती चुकीच्या आहेत आणि त्यापायी लोक वर्षानुवर्षं ताटकळतात.

सगळ्यांत मोठा गैरसमज म्हणजे नवीन चिप आली की वेग दुप्पट होणार. हातातल्या यंत्रात चिपला किती वॅट देता येतात यावर सगळं अडतं. फेब्रुवारी २०२२मध्ये आलेल्या स्टीम डेक या हँडहेल्डची बॅटरी ४० वॅट-तासांची होती. त्याची चिप जास्तीत जास्त १५ वॅट घेते. स्क्रीन, मेमरी, पंखा धरला की एकूण खर्च वीस वॅटच्या वर जातो. म्हणजे जड गेम लावला तर दोन तासांच्या आत चार्जर शोधायची वेळ येते. २०२३च्या आसुस आरओजी अलायची चिप बरीच ताकदवान होती, पण बॅटरी तेवढीच, ४०ची. चार्जर लावून ३० वॅटवर तो झकास पळतो. रेल्वेच्या प्रवासात बॅटरी पुरवायला १५ वॅटवर आणला की डेकमधला आणि त्याच्यातला फरक खूपच कमी होतो. २०२४च्या अलाय एक्समध्ये आसुसने चिप तीच ठेवली आणि बॅटरी ८०ची केली. माझ्या मते नव्या चिपपेक्षा ही सुधारणा मोलाची. डेक बनवणाऱ्या वाल्वनेही सांगितलंय की दरवर्षी नवं मॉडेल काढणार नाही. बॅटरीला धक्का न लावता वेगात मोठी झेप घेता आली तरच पुढचा डेक.

नवं आलं की जुनं निकामी होतं, हेही खरं नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये ओएलईडी डेक आला. स्क्रीन ७.४ इंचांची झाली, बॅटरी ५०ची, गेमचा वेग मात्र जवळपास तोच. विकत घेतलेले गेम वाल्वच्या स्टीम या ऑनलाइन दुकानातल्या तुमच्या खात्यात असतात. यंत्र बदललं तरी ते जात नाहीत.

थांबलं की स्वस्त मिळतं, हे अर्धंच खरं. ओएलईडी आला तेव्हा अमेरिकेत २५६ जीबीचा जुना डेक ५२९ डॉलरवरून ३९९वर उतरला. पण २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सच्या आणि निन्टेन्डोने अमेरिकेत जुन्या स्विचच्या किमती चक्क वाढवल्या. वर्षअखेरीस मेमरी चिपही महागल्या.

मग थांबूच नये का? बाजारात आल्यानंतरचे पहिले दोन-तीन महिने जरूर थांबावं. पहिल्या अलायमध्ये मेमरी कार्डाचा रीडर गरम हवा बाहेर पडते तिथेच होता. यंत्र तापल्यावर तो बिघडू शकतो, हे आसुसने विक्री सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच मान्य केलं. असले दोष आधी घेणाऱ्यांच्या हातातच उघड होतात.

पीसी आहे म्हणजे सगळे गेम चालणारच, असंही धरून चालू नका. डेक लिनक्सवर चालतो. विंडोजचे बहुतेक गेम प्रोटॉन या वाल्वच्या सॉफ्टवेअरमुळे त्यावर चालतात, पण व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट त्यांच्या अँटी-चीटमुळे चालत नाहीत. तुमची रोजची संध्याकाळ यांतच जात असेल, तर विंडोजवालाच घ्या. आणि मुख्यतः जुने किंवा छोटे गेम खेळत असाल, तर आज बाजारात आहे तेच भरपूर झालं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. अलाय जुलै २०२३मध्ये ६९,९९० रुपयांना भारतात अधिकृतपणे आला; डेक मात्र वाल्वने इथे आणलेला नाही, तो दुकानदार बाहेरून मागवून विकतात. पैसे देण्याआधी सरळ विचारा: बिघडला तर दुरुस्त कोण करणार, आणि ते बिलावर लिहून देणार का? उत्तर तोंडीच मिळालं, तर दुसरं दुकान पाहा.