शनिवार-रविवारची सहल : पाहावे कसे, आणावे काय?

दिवाळी सरली, गहू-हरभऱ्याची पेरणी आटोपली, की शाळा-महाविद्यालयांतल्या पोरापोरींना सहलीचे वेध लागतात. मग घरोघरी एकच वाद सुरू होतो. पोर म्हणते, "सगळे जाणार आहेत." बाप म्हणतो, "इकडं कांदा लावायचा पडलाय, अन् तुला भटकायचं सुचतंय!" पोर मुलगी असेल तर आजीची आणखी एक आडकाठी असतेच.

गेल्या हिवाळ्यात माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका वस्तीवर असाच वाद झाला. मुलगी कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. बरोबर वर्गातल्या बारा जणांचा गट. शनिवारी छत्रपती संभाजीनगर, रविवारी देवगिरी आणि वेरूळ असा बेत. शेवटी वडिलांनी होकार दिला, पण एक अट घातली : "काय पाहिलंस ते परत आल्यावर मला समजेल असं सांगायचं." पोरीने वही बरोबर घेतली. सोमवारी संध्याकाळी मी कांद्याची रोपे पाहायला त्या वस्तीवर गेलो होतो. तिचे सांगणे मलाही ऐकायला मिळाले. ते सगळ्याच शेतकरी कुटुंबांच्या उपयोगाचे आहे, म्हणून येथे देत आहे.

मोटारीवाचून चढलेले पाणी

आजचे छत्रपती संभाजीनगर हे मूळचे खडकी गाव. १६१० मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने तेथे शहर वसवले. माणसे वसवायची तर पाणी हवे, हे त्याने ओळखले होते. म्हणून त्याने जमिनीखालून नहर आणली. पुढच्या काळात अशाच आणखी नहरी झाल्या. खाम नदीकाठची पाणचक्की ही त्याच विद्येची देणगी.

कित्येक किलोमीटरांवरच्या डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या भाजक्या नळांतून तेथे आणले आहे. ते एका उंच भिंतीत चढते आणि वरून हौदात कोसळते. या पाण्याच्या जोरावर जाते फिरायचे आणि दर्ग्यातल्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी दळण निघायचे.

बहुतेक मुलांनी तेथे फोटो काढले. या पोरीच्या मनात मात्र प्रश्न आला : मोटार नाही, इंजिन नाही, मग पाणी भिंतीवर चढले कसे? उत्तर सोपे आहे. झरा भिंतीपेक्षा उंचावर आहे. बंद नळातले पाणी वाटेत कितीही खाली उतरले, तरी आपल्या मूळ उंचीच्या जवळपास पुन्हा चढते. हे वाक्य तिने पुस्तकात वाचले होते. पाणचक्कीपुढे उभी राहिल्यावर ते तिला पटले.

दुपारी त्यांनी बीबी का मकबरा पाहिला. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर सतराव्या शतकातली. ताजमहालाची आठवण करून देणारी ही इमारत सगळीच संगमरवराची नाही. बराच भाग दगडी बांधकामावर चुन्याचा गिलावा देऊन केला आहे. पण इतक्या वर्षांनंतरही तो गिलावा पाहण्यासारखा आहे.

किल्ला अभेद्य, कोठार रिकामे

रविवारी सकाळी गट देवगिरीला पोचला. शहरापासून हे अंतर सुमारे १५ किलोमीटर. यादवांची ही राजधानी. डोंगराचे कडे तासून उभे केलेले, भोवती खडकात खोदलेला खंदक, आत शिरायला अरुंद वाट आणि पुढे वळणावळणाचा अंधारी मार्ग. शत्रूने शिरावे तरी कोठून?

तरीही १२९६ च्या सुमारास अल्लाउद्दीन खिलजीच्या वेढ्यापुढे राजा रामदेवरायाला तह करावा लागला. त्याचे कारण म्हणून एक गोष्ट सांगतात. घाईघाईने गडावर चढवलेली पोती धान्याची समजून ठेवली होती. ती उघडली तेव्हा आत मीठ निघाले! तट शाबूत होते, पण खायला दाणा नव्हता.

हे ऐकून पोरीचे वडील खो खो हसले आणि मग गप्प झाले. बियाण्याचे पोते न उघडता, न तपासता पेरणीच्या दिवसापर्यंत ठेवणारे आपल्यात काय कमी आहेत? मूठभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहायला आठवडा पुरतो. पोते वेळेवर उघडावे, हा देवगिरीचा धडा.

वरून खाली उतरलेले देऊळ

दुपारी वेरूळ. येथे ३४ लेणी पाहायला आहेत : १२ बौद्ध, १७ हिंदू आणि ५ जैन. तीन धर्मांची माणसे एकाच डोंगराला शेजारी शेजारी छिन्नी लावत होती. १९८३ मध्ये युनेस्कोने वेरूळला जागतिक वारशाचा मान दिला.

सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे आठव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले. ते बांधलेले नाही, खोदलेले आहे. ज्याने विहीर खोदली आहे त्यालाच याची खरी कल्पना येईल. सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद खड्डा, मागच्या बाजूला १०० फुटांहून खोल. आधी कळस, मग शिखर, मग खांब, शेवटी पायथ्याचे हत्ती, असे काम वरून खाली आले. विटेचे बांधकाम चुकले तर पाडून पुन्हा करता येते. येथे चुकून उडालेला कपचा परत चिकटणार नव्हता.

राणीने शिखर पाहिल्याशिवाय अन्न घेणार नाही असा नवस केला, म्हणून कारागिराने वरून सुरुवात केली, अशी दंतकथा आहे. कथा काही असो, पहिला घाव घालण्याआधी सगळे देऊळ कुणाच्या तरी डोक्यात तयार होते, एवढे खरे.

आणखी एक गंमत. ज्या बेसाल्ट खडकात ही लेणी आहेत, तोच खडक युगानुयुगे झिजून आपली काळी जमीन झाली आहे. जैन लेण्यांतल्या इंद्रसभेत आंब्याच्या झाडाखाली बसलेली अंबिका आहे. दगडातला तो आंबा शेतकऱ्याने जरूर पाहावा.

घरी काय आले?

या घराचे शेततळे शेताच्या वरच्या अंगाला आहे. खालच्या अर्ध्या एकराला पाणी द्यायचे तर रात्री वीज येण्याची वाट पाहायची, हा नेम. पोरीने वडिलांना विचारले, "दादा, तळं वर अन् वावर खाली. मग मोटार कशाला?"

दुसऱ्या दिवशी दोघांनी गवंड्याची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन पातळी मोजली. वावर तळ्यातल्या पाण्यापेक्षा चांगलेच खाली निघाले. पाइप पाण्याने पूर्ण भरला, दोन्ही तोंडे बंद केली, एक तोंड तळ्यात बुडवले, दुसरे बांधावरून खाली वावरात नेले आणि मग दोन्ही उघडली. पाणी सुरू झाले. कांद्याला पाणी दिवसाउजेडी मिळू लागले.

यात दोन गोष्टी सांभाळाव्यात. पाइपात हवा शिरली की धार तुटते, म्हणून सांधे घट्ट हवेत. तळ्यातले तोंड पाण्याखालीच राहावे आणि त्याला जाळी बांधावी.

जाणाऱ्यांसाठी सूचना

वेरूळ मंगळवारी बंद असते. पुरातत्त्व खात्याच्या स्थळांवर १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. राज्यात २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे भाडे आहे. लेण्यांच्या आणि किल्ल्यांच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. तेथे धूर, दगडफेक, आरडाओरडा करू नये. अंधारी मार्गासाठी विजेरी (बॅटरी) जवळ असावी.

मायबापहो, मुलाला पाठवता तसे मुलीलाही पाठवा. पण नुसते पैसे देऊन पाठवू नका. "परत आल्यावर सांग" ही अट जरूर घाला, आणि ती सांगायला बसली की हातातले काम बाजूला ठेवून ऐका.