जनरल रजिस्टर

“कोणत्या साली आलात?” क्लार्क भाऊसाहेबांचा पहिला प्रश्न. नाव विचारलं ते नंतर.

“त्र्याऐंशी. जून. पाचवीत.”

भुसावळच्या या मिशनरी शाळेच्या कार्यालयात मी शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या दुसऱ्या प्रतीसाठी बसलो होतो. (शाळेचं नाव लिहीत नाही, भाऊसाहेबांना ते आवडणार नाही.) मूळ दाखला आमच्या मुक्ताईनगरच्या घरात कुठल्या तरी पावसात भिजून गेला. आता मुलाची जात पडताळणी. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो आजोबांच्या मराठी शाळेतून मिळाला होता. आजोबा ते नातू या साखळीत मधली कडी माझी, आणि तीच गहाळ.

साल आधी का, ते रजिस्टर उघडल्यावर कळलं. जनरल रजिस्टरात नावं अकारविल्हे नसतात. ज्या दिवशी मूल आलं, त्या दिवशीची ओळ त्याची. क्रमांक एकदा पडला की दुसऱ्या कुणाला मिळत नाही. पोरगं आठवड्यात शाळा सोडून गेलं तरी ओळ त्याचीच. साल चुकलं तर भाऊसाहेबांना शेकडो ओळी वरून खाली वाचाव्या लागतात.

लोखंडी कपाटातून निघालेलं पुस्तक कापडी बांधणीचं, टेबलाच्या अर्ध्या रुंदीचं. मला हात लावू दिला नाही. भाऊसाहेबांनी लाकडी पट्टी आडवी ठेवली आणि एकेक ओळ खाली सरकवत गेले. बोटाने नाही, पट्टीनेच. बोटाला घाम असतो, म्हणाले. मी उलटं वाचत होतो. सगळं इंग्रजीत, तिरप्या वळणदार अक्षरात. ज्या सिस्टरने ते लिहिलं, तिच्या हातची छडी मला आठवते, अक्षर मात्र पहिल्यांदा पाहिलं.

माझ्या सालाआधीची पानं उलटली गेली तेव्हा शाळेची गोष्ट त्या रकान्यांतून सरकली. १८६०च्या दशकात रेल्वे आली आणि भुसावळ जंक्शन झालं. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन यांत अँग्लो-इंडियन आणि गोव्याची ख्रिस्ती कुटुंबं. चर्च त्यांच्यासाठी, शाळा त्यांच्या मुलांसाठी. जुन्या पानांवर धर्माच्या रकान्यात रोमन कॅथलिक, रोमन कॅथलिक असं लागोपाठ. पुढे मधूनमधून हिंदू, मुस्लिम. मग पाटील, चौधरी, महाजन, कोळी असे वाढत जातात. जन्मस्थळाच्या रकान्यात वरणगाव दिसायला लागतं, कारण तिथला दारूगोळ्याचा कारखाना. मग दीपनगर, कारण वीजकेंद्र. आणि त्यानंतर केळीवाली गावं. आम्ही त्या शेवटच्या लाटेतले. वडील म्हणाले होते, केळीच्या एका कापणीचे पैसे तुझ्या इंग्रजीला. मी आत्याच्या रेल्वे क्वार्टरात राहायचो आणि शनिवारी एस.टी.ने घरी.

मुंबईतही हेच घडलं. वांद्र्याचं सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ साली जेझुइटांनी अनाथ मुलांसाठी काढलं. हायस्कूल झालं १९२३ मध्ये. ज्यांच्यासाठी शाळा काढली ते कमी होतात, आणि ज्यांचा विचार केलाच नव्हता ते रांगेत उभे राहतात. आमच्या तालुक्यात तर टाय आणि इंग्रजी असली की कुठल्याही शाळेला ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात. तिथे सिस्टर नसली तरी.

पट्टी थांबली. “हे बघा. तुम्हीच ना?”

मीच. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. जन्मस्थळ: एदलाबाद.

आमच्या गावाचं तेव्हाचं नाव. पुढे मुक्ताईच्या नावाने मुक्ताईनगर झालं. विधानसभेच्या मतदारसंघाच्या नावात मात्र एदलाबाद २००४च्या निवडणुकीपर्यंत टिकलं. माझ्या मुलाच्या दाखल्यावर अर्थातच मुक्ताईनगर. मी विचारलं, “कंसात आत्ताचं नाव टाकता येईल?”

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “साहेब, मी नक्कल करणारा माणूस. रजिस्टरात आहे तसं. चूक असली तरी चुकीसकट.” मूल शाळेत असेपर्यंत नोंद दुरुस्त करायची असली तरी मुख्याध्यापकांचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो; परस्पर खाडाखोड कुणालाच करता येत नाही. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती आली, आणि गावोगावच्या शाळांची अशी पुस्तकं कपाटाबाहेर निघाली. तिथे एकेका अक्षराला वजन. एखाद्या हौशी क्लार्कने मागच्या काळात ‘सुधारणा’ करून ठेवली असती तर?

मग टायपिंग. नमुना संगणकात तयार, पण भाऊसाहेब त्यावर विसंबत नाहीत. शेजारच्या मॅडम रजिस्टरमधून मोठ्याने वाचतात, हे टाइप करतात. मग हे पडद्यावरून वाचतात आणि मॅडम पट्टी धरतात. आईचं नाव. राष्ट्रीयत्व. मातृभाषा. मागील शाळा. प्रगती: समाधानकारक. वर्तणूक: चांगली. (छडीचा उल्लेख नाही.) शाळा सोडल्याचं कारण: दहावी उत्तीर्ण. माथ्यावर ‘दुय्यम प्रत’. मी दिलेलं प्रतिज्ञापत्र फाइलला टाचलं गेलं, जावक क्रमांक पडला.

सही व्हायला तास लागला, कारण मुख्याध्यापिका सिस्टर नववीच्या वर्गावर होत्या आणि तास अर्धवट सोडून त्या येत नाहीत. आल्या, बसल्या, दाखला बाजूला ठेवून आधी रजिस्टर ओढलं. मी जुन्या नोंदींचं कौतुक केलं तेव्हा म्हणाल्या, चर्चमधलं बाप्तिस्म्याचं पुस्तकही असंच असतं. बाप्तिस्मा झाला की मूल एक ओळ मिळवतं. पुढे त्याचं दृढीकरण झालं, लग्न झालं, कुणी धर्मगुरू झाला, तर जगात कुठेही घडलेलं असो, कळवलं जातं आणि त्याच ओळीच्या समासात लिहिलं जातं. मी या शाळेत शिकत असतानाच, १९८७ साली, जळगाव-धुळे पुणे धर्मप्रांतातून नव्या नाशिक धर्मप्रांतात गेले, थॉमस भालेराव पहिले बिशप झाले. पुस्तकं मात्र जागची हलली नाहीत.

सही झाली, गोल शिक्का उमटला. मी हात पुढे केला, तर भाऊसाहेब म्हणाले, “थांबा, अजून नाही.”

त्यांनी पट्टी पुन्हा माझ्या ओळीवर ठेवली. प्रवेशाची नोंद निळ्या शाईत, आता जांभळट. शेवटच्या रकान्यात १९८९ साली दाखला दिल्याची नोंद काळ्या शाईत. तिच्याखाली उरलेल्या बोटभर जागेत त्यांनी बारीक अक्षरात ‘दुय्यम प्रत’, क्रमांक आणि आजची तारीख घातली, लाल पेनने, आणि शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडंच ठेवलं.